सिड्डू पाच मिनिटांत येत नसतो

कुलू-मनालीला जाऊन आलेल्यांचे फोटो पाहिले की खाण्यात तीनच गोष्टी दिसतात: मॅगी, मोमो आणि बर्फाच्या डोंगरासमोर धरलेला चहाचा कप. मॅगीबद्दल बोलायलाच नको. मोमो चांगलाच लागतो, पण तो तिबेटी आणि नेपाळी लोकांबरोबर तिथे आला. कुलू-मंडीच्या घरांत थंडीत आणि सणावाराला जे पिढ्यान्‌पिढ्या शिजतं ते म्हणजे सिड्डू. आता तो रस्त्याकडेच्या टपऱ्यांवरही मिळतो आणि तरी आपली माणसं तो न खाता परत येतात. काही जण खाऊन येतात आणि "गव्हाचा कोरडा गोळा होता" म्हणतात. या दुसऱ्यांची जास्त कीव येते, कारण त्यांना बहुतेक सकाळी वाफवून ठेवलेला, पुन्हा गरम केलेला सिड्डू मिळालेला असतो.

सिड्डू म्हणजे आंबवलेल्या कणकेत सारण भरून वाफवलेला, करंजीसारखा अर्धगोल किंवा गोल चपटा प्रकार. सारण अक्रोड-खसखशीचं किंवा भिजवून वाटलेल्या उडदाच्या डाळीचं. कणीक आंबवायला घरोघरी आदल्या वेळच्या आंबलेल्या पिठाचा गोळा राखून ठेवायची पद्धत आहे, त्याला मलेरा म्हणतात. टपरीवर हल्ली सर्रास यीस्ट असतं. त्यात काही पाप नाही, पण मलेऱ्याला जो किंचित आंबूस वास येतो तो यीस्टने येत नाही.

मुद्दा वेळेचा आहे. थंडीत कणीक फुगायला चार-पाच तास सहज जातात, कधी रात्रभर ठेवावी लागते. वर वाफही आपल्याकडच्यासारखी नसते. दर 300 मीटर चढलं की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण 1 अंशाने उतरतो. मनाली 2,000 मीटरच्या आसपास, म्हणजे तिथे पाणी 93 अंशांनाच उकळतं आणि वाफही तेवढीच गरम. पुण्यात 20 मिनिटांत होणारा सिड्डू तिथे 25 ते 30 मिनिटं घेतो. त्यामुळे ऑर्डर दिल्यावर पाच मिनिटांत पुढ्यात आला, तर तो आधीचा आहे हे उघड आहे. बंजार, जिभी, नग्गर अशा ठिकाणी सकाळी फिरायला निघतानाच टपरीवर सांगून जायचं: इतक्या वाजता येतो, इतके सिड्डू, अक्रोडाचे. मग परत आल्यावर भांड्यातून थेट ताटलीत. एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

ताजा कसा ओळखायचा? मधोमध कापला की आतून वाफ निघायला हवी आणि कडेला पावासारखी बारीक जाळी दिसायला हवी. बोटाने दाबला तर परत वर यायला हवा. वरची साल सुरकुतलेली असेल तर कणीक जास्त आंबली किंवा सिड्डू गार होऊन पुन्हा तापवलाय. दातांना चिकटत असेल तर एकतर आंबलाच नाही किंवा कच्चा राहिला. अक्रोडाचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा. मे महिन्यात मिळतात ते गेल्या वर्षीचे, आणि नीट ठेवलेले नसले तर सारण खवट लागतं. उन्हाळ्यात म्हणूनच उडदाचं मागवलेलं बरं.

सोबत तूप येतं. ते वरून शिंपडायचं नाही, कापलेल्या फटीत ओतायचं, म्हणजे जाळीत मुरतं. कमी तुपाचा सिड्डू मागणाऱ्यांनी सरळ मॅगी खावी.

पोटाच्या भीतीने अशा टपऱ्या टाळणाऱ्यांसाठी: वाफेतून थेट आलेला सिड्डू हा तिथला सगळ्यात सुरक्षित पदार्थ असेल. धोका असतो तो हिरव्या चटणीत, कारण ती न उकळलेल्या पाण्यात वाटलेली असू शकते. पोट नाजूक असेल तर चटणी सोडा आणि तूप किंवा गरम डाळ घ्या. आणि हो, उंचावर कुकरशिवाय उघड्या पातेल्यात शिजवलेला राजमा जपून खा. पाणी कमी तापमानाला उकळत असल्याने तो अर्धकच्चा राहतो, आणि कच्च्या राजम्यातला लेक्टिन नावाचा घटक पोट चांगलंच बिघडवतो. दाणा जिभेने टाळूवर दाबून चिरडला गेला पाहिजे, नाहीतर ताटली बाजूला.

घरी करायचा असेल तर मोदकपात्र आहेच. 250 ग्रॅम कणीक, लहान चमचाभर (3 ग्रॅम) इन्स्टंट यीस्ट, चिमूटभर साखर, पाऊण चमचा मीठ आणि साधारण 170 मिली कोमट पाणी. कणीक पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल हवी. आपल्या हवेत तास-दीड तासात दुप्पट होते. हिमाचलच्या रेसिपीत चार तास लिहिलेत म्हणून चार तास ठेवू नका, उन्हाळ्यात ती आंबट ढाण होईल. सारणाला 100 ग्रॅम अक्रोड, दोन तास भिजवून पूर्ण निथळलेली दोन मोठे चमचे खसखस, दोन मिरच्या, आल्याचा तुकडा, कोथिंबीर, मीठ. भरडच वाटा, पाणी अजिबात घालू नका. सारण ओलं झालं की खालचा थर लगदा होतो आणि कितीही वाफवा, तो पिठाळच राहतो.

सहा गोळे करा. पारी मध्ये जाड, कडेला पातळ. आपण मोदकाची पारी पातळ करायला जातो तशी इथे केली तर फुगायला कणीकच उरत नाही. भरून मिटले की 15 मिनिटं झाकून ठेवा. ही पायरी गाळल्यानेच बहुतेकांचे दगड होतात. चाळणीला तेल लावा, झाकणाला फडकं बांधा, नाहीतर थेंब पडून वर पांढरे चिकट डाग येतात. पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच आत ठेवायचे आणि पहिली 15 मिनिटं झाकण उघडायचं नाही, फुगलेले बसतात.

उरलेच, तर सकाळी बोटाएवढ्या जाड चकत्या कापून तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी खरपूस करा. मायक्रोवेव्हमध्ये मात्र घालू नका, चामडं होतं.