लिंकनचे संत ह्यू आणि १२५५ चा मुलगा: दोघे वेगळे

‘लिंकनचे संत ह्यू म्हणजे ज्यूंनी बळी दिलेला मुलगा’ हा मजकूर साफ चुकीचा आहे. संत ह्यू आजच्या फ्रान्समध्ये जन्मलेले, कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाचे संन्यासी. ११८६ मध्ये ते इंग्लंडातल्या लिंकनचे बिशप झाले, १६ नोव्हेंबर १२०० रोजी वारले आणि १२२० मध्ये पोप तिसरे होनोरियस यांनी त्यांना संत घोषित केले. ज्यूंवर चालून आलेल्या जमावाला तर ते स्वतः आडवे गेले होते! ज्याच्याशी त्यांची गल्लत होते, तो ह्यू नावाचाच मुलगा लिंकनमध्ये १२५५ मध्ये मेला. रोमने त्याला कधीच संत ठरवले नाही. बळीचा आरोप निव्वळ बनाव, तरी त्यापायी राजा तिसऱ्या हेन्रीने १९ ज्यूंना देहदंड दिला. लिंकन कॅथेड्रलने १९५५ मध्ये फलक लावून हा खोटेपणा मान्य केला. चित्रात शेजारी राजहंस दिसला, तर ते बिशप ह्यू.