सलगी ‘दिली’ की ‘केली’?

१९ फेब्रुवारीला आणि नंतर तिथीनं फाल्गुन वद्य तृतीयेला गावोगावच्या फ्लेक्सवर समर्थ रामदासांच्या पत्रातल्या त्या ओळी झळकतात. शिवरायांचं बोलणं कसं, चालणं कसं, आणि तिसरं, ‘शिवरायांची सलगी देणे’. १६८० साली महाराज गेले, त्यानंतर संभाजीराजांना लिहिलेलं हे पत्र. ‘प्रताप’ आणि ‘साक्षेप’ यांवर तासतासभर भाषणं होतात. सलगीपाशी आला की वक्ता घाईनं पुढं सरकतो. फार तर ‘महाराज सगळ्यांशी मिळून मिसळून वागायचे’ एवढं म्हणतो. ते चूक नाही, पण ओळीतलं ‘देणे’ त्यात हरवतं. मिसळायला दोघं लागतात. सलगी देणारा एकच असतो, आणि तो वरच्या पायरीवर असतो.

सलगी हा बरोबरीच्या माणसांचा शब्दच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्गमित्राशी दोस्ती असते, शेजाऱ्याशी घरोबा असतो. सलगी असते ती वयानं, मानानं किंवा हुद्द्यानं मोठ्या असलेल्या माणसाशी. मोठा आपला दरारा थोडा बाजूला ठेवतो, धाकट्याला मोकळं बोलू देतो, थट्टा करू देतो, वेळप्रसंगी उलट उत्तरही पोटात घालतो. ही जी मुभा, तिचं नाव सलगी. पायऱ्या मात्र जिथल्या तिथं राहतात. म्हणून तर राजाला सलगी देता येते आणि देऊनही तो राजा राहतो. राज्य चालवणाऱ्याला लिहिलेल्या पत्रात ही गोष्ट उगाच आलेली नाही. हाताखालचा माणूस खरं काय ते तोंडावर सांगेल की ‘जी महाराज’ करून परत जाईल, हे त्याला किती सलगी मिळाली आहे त्यावर ठरतं.

आता वापराचं. या शब्दाची सगळी मेख त्याच्यामागच्या क्रियापदात आहे. देणाऱ्याच्या बाजूनं बोलायचं तर ‘ला’ लागतो: साहेबांनी ड्रायव्हरला सलगी दिली. घेणाऱ्याच्या बाजूनं ‘शी’: ड्रायव्हर साहेबांशी सलगी करतो. घडलं दोन्हीकडे तेच, पण बोल कुणाला लागला ते बदललं. ‘साहेबांनीच नको तितकी सलगी दिलीय’ असं म्हणणारा हेडक्लार्क खरं तर साहेबांना नावं ठेवतोय. ‘तो जरा जास्तच सलगी करतो’ म्हटलं की ड्रायव्हर आगाऊ ठरला. आणि ‘हल्ली त्यांची सलगी वाढलीय’ हे तिन्हीतलं सगळ्यात कावेबाज वाक्य. कुणी दिली, कुणी केली, काहीच सांगायचं नाही. ऐकणाऱ्यानं काय तो अर्थ काढावा. टपरीवर एखाद्याच्या, विशेषतः एखादीच्या, नावाला बट्टा लावायचा असतो तेव्हा हमखास हेच वाक्य बाहेर येतं.

एक जुनी लकबही आहे: ‘सलगीनं विचारतो, राग मानू नका.’ इथं धाकटा स्वतःच कबूल करतो की मी माझी पायरी थोडी ओलांडतोय, चालवून घ्या. फार सभ्य वाक्य. आता त्याच्या जागी ‘स्पष्टच बोलतो हं’ आलंय, आणि त्यापुढं बहुतेक वेळा अपमानच येतो.

आसपासचे शब्द शेजारी ठेवले की फरक चटकन कळतो. लळा लागतो किंवा लावतात. पोराला, वासराला, कुत्र्याच्या पिल्लाला. तो सवयीनं आणि मायेनं येतो, त्यात कुणाची परवानगी लागत नाही, आणि लळा ‘दिला’ असं कुणी म्हणत नाही. घरोबा दोन घरांचा: सणाची ताटं इकडून तिकडं जाणं, गावाला जाताना शेजारी किल्ली ठेवणं, अडीनडीला साखर मागायला संकोच न वाटणं. घसट म्हणजे नेहमीचं जाणं-येणं, ऊठबस. ती पुढाऱ्याच्या बंगल्यावर असते, मंत्रालयात असते, आणि तिला कामाचा वास येतो. जिव्हाळा आतला, तो कुणाला दिसलाच पाहिजे असं नाही. (‘शेतकऱ्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न’ लिहून लिहून त्याची धार गेली, तो वेगळा विषय.) जवळीक हा सगळ्यांत गुळमुळीत, कुठंही चालतो आणि म्हणून फारसं काही सांगत नाही.

राहिली लगट. ती सलगीच्या अगदी भिंतीला भिंत लावून राहते आणि घोटाळा तिथंच होतो. समोरच्यानं मुभा दिलेली नसताना अंगचटीला जाणं म्हणजे लगट. म्हणून शंका आली की वाक्यात ‘दिली’ घालून बघायचं. ‘आजोबांनी नातवाला सलगी दिली’ नीट बसतं. ‘मित्रानं मित्राला सलगी दिली’ कानाला खटकतं, कारण तिथं वर-खाली नाही. ‘त्यांनी सलगी दिली नव्हती तरी तो सलगी करत होता’ या वाक्यातली दुसरी सलगी चुकीची. तिथं लगटच पाहिजे.

घरात हा सगळा हिशेब संबोधनात दिसतो. ‘ए आई’ आणि ‘अहो बाबा’ एकाच घरात, एकाच पोराच्या तोंडी पिढ्यानपिढ्या नांदले. आईशी ‘तू’ असतं म्हणून ती लहान होत नाही. तिनं ती मुभा पहिल्या दिवसापासून दिलेली असते. बापाची सलगी उशिरा मिळायची, काही घरांत मिळायचीच नाही. आणि गंमत अशी की ज्या माणसासमोर मुलगा उभ्या जन्मात खुर्चीवर बसला नाही, त्याच माणसाच्या मिशा नातू ओढतो. म्हातारा बदललेला नसतो. बायकोवर, सुनांवर त्याचा आवाज तसाच चढतो; सलगी दिलेली असते ती फक्त नातवाला. आता बऱ्याच घरांत ‘अरे बाबा’ सर्रास झालंय. मला त्यात वाईट काही वाटत नाही, पण त्याला सलगी म्हणू नये. पायरीच काढून टाकली तर ओलांडायचं काय? तिथं दुसरंच, कदाचित जास्त निकोप असं काही आलंय आणि त्याला मैत्री म्हणणं बरोबर.

खालून वर केलेली सलगी किती लांब जाऊ शकते हे बघायचं तर जनाबाईकडे जावं. ‘अरे विठ्या अरे विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ अशी सुरुवात आणि पुढं थेट त्याचं मढं काढण्यापर्यंत मजल. कीर्तनात हा अभंग आला की माणसं हसतात, टाळ्या देतात, कुणाच्या भावना दुखावत नाहीत. कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की त्यानं तिला सलगी दिलेली आहे. तो तिच्याबरोबर दळायला बसतो, शेण्या वेचतो. तेच शब्द तिऱ्हाइतानं वापरले तर शिवी होईल. शब्द तेवढेच, फक्त मुभा नाही.

सलगी बिघडते ती बहुतेक वेळा जागा चुकल्यामुळे. केबिनमध्ये दिलेली सलगी मीटिंगमध्ये वापरली की साहेबाचा चेहरा बदलतो. एकांतातली मुभा चारचौघांत खर्च करायची नसते, हे कुणी लिहून देत नाही. दुसरी गोष्ट, ती नावानं दिलेली असते. साहेब एका शिपायाला ‘काय रे, जेवलास का’ म्हणतात म्हणून दुसऱ्यानं जाऊन ‘काय साहेब, जेवलात का’ विचारलं तर जमतंच असं नाही. तिसरी जास्त अवघड: दिलेली सलगी परत घ्यायला मराठीत धड क्रियापदच नाही. ‘सलगी काढून घेतली’ असं आपण बोलत नाही. मग माणसं ‘चार हात लांब ठेवतात’, तुटक बोलायला लागतात, ‘तू’वरून एकदम ‘तुम्ही’वर जातात. हे शेवटचं सगळ्यात लागतं. ज्याला काल ‘अरे’ होतं त्याला आज ‘अहो’ ऐकू आलं की मान मिळाला असं कुणालाच वाटत नाही. म्हणून देतानाच बेतानं द्यावी हे वडीलधाऱ्यांचं म्हणणं मला पटतं, जरी त्यांतले बरेच जण मुळात कुणालाच देत नसत.

आणि आता वर्तमानपत्रं. राजकारणाच्या पानावर ‘विरोधकांशी सलगी’, ‘दिल्लीशी सलगी’ हे मथळे रोजचे. ते मला चालतात. लहान पक्ष मोठ्या पक्षाच्या, छोटा देश बड्या देशाच्या कडेनं उभा राहायला बघतो, तेव्हा वर-खाली असतंच, थोडा खवचटपणाही हवाच असतो. मात्र दोन तुल्यबळ पक्षांची युती झाली की तिला सलगी म्हणू नये, तिथं हातमिळवणी आहे, समझोता आहे.

खटकतं ते गुन्ह्याच्या बातमीत. ‘तरुणीशी सलगी करण्याचा प्रयत्न’, ‘मुलीशी सलगी वाढवून’. तिनं काहीही दिलेलं नसताना हा शब्द तिच्याकडूनही काही मुभा होती असं सुचवून जातो. ‘वाढवून’ लिहिलं की आधी थोडी होती असंही गृहीत धरलं जातं. आणि मुलगी अल्पवयीन असेल तर प्रश्नच मिटला: मोठ्या माणसानं लहान मुलीशी सलगी ‘केली’ हे वाक्य मराठी म्हणूनही चूक, कारण मोठा सलगी देतो, करत नाही. विनयभंगाचा गुन्हा नोंदवला असेल तर विनयभंग लिहा. पाठलाग केला असेल तर पाठलाग. ओळखीचा फायदा घेतला असेल तर तसं लिहा. मथळ्यात जागा नसते, तीन अक्षरांचा शब्द सोयीचा पडतो, असं उपसंपादक सांगतात. लगटही तीन अक्षरांचाच आहे, आणि वेलांटी नाही.