गोलाई अर्धी का? लातूरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून मीही जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लातूरच्या गंजगोलाईला, म्हणजे बाजारातल्या त्या गोल इमारतीला, सोळा रस्ते येऊन मिळतात, माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर मात्र नऊच आहेत. गोलाई मधूनच कापून भिंतीला चिकटवली आहे. आणि बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या रेल्वेची गाडी गोलाईला इतकी खेटून कधी जात नव्हती. शेवटी तुम्ही म्हणता, ‘मोठी जमत नसेल तर लहान करा, पण पुरी करा.’

माझा मतभेद आहे तो या शेवटच्या वाक्याशी.

लेआउट १:८७ प्रमाणात आहे. या प्रमाणात शंभर फुटांची वास्तू ३५ सेंटिमीटर होते आणि तीनशे मीटरचा रस्ता जवळजवळ साडेतीन मीटर. माझ्या टेबलाची रुंदी अडीच फूट. त्याहून रुंद केलं तर मागच्या रुळावर घसरलेला डबा उचलायला हात पोचत नाही. इमारत सरळ असती, एखादी कचेरी किंवा धर्मशाळा, तर दहा खणांचे सात केले असते. खणाचं माप तेच ठेवलं की बघणाऱ्याला काही खटकत नाही, आणि मॉडेलवाले हे सर्रास करतात. गोल इमारतीत ही युक्ती चालत नाही. गाळे निम्मे केले की परीघ निम्मा होतो, त्याबरोबर त्रिज्याही निम्मी होते आणि भिंतीचा बाक दुप्पट होतो. उंची मात्र तेवढीच राहते. मग दुमजली ऐसपैस गोलाईचा बुरूज होतो. गोलाईसमोर उभं राहिलं की भिंत दोन्ही बाजूंना सावकाश मागे सरत जाते, शेजारचा गाळा पुरता दिसतो, पलीकडचा तिरका, त्यापुढचा नुसता कडेनं. माझ्या लेखी गोलाई म्हणजे ते सावकाश वळणं. ते घालवून सोळा रस्ते मोजून दाखवण्यात मला अर्थ वाटत नाही.

हा बाक मी अंदाजानं काढलेला नाही. बाजार उघडायच्या आत जाऊन लांब सरळ पट्टी जोत्याला मधोमध टेकवली आणि दोन्ही टोकांना पडणारी फट मोजली. पट्टीच्या अर्ध्या लांबीच्या वर्गाला फटीच्या दुपटीनं भागलं की त्रिज्या मिळते, थोड्याशा फरकानं. फट इंचांत असते, त्यामुळे मोजताना अर्धा इंच इकडे तिकडे झाला तरी त्रिज्या फुटांनी बदलते. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी पट्टी लावून सरासरी घेतली. भिंती माउंट बोर्डाच्या, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या आहेत. बोर्डाचे तंतू उभे ठेवून पट्ट्या कापल्या, म्हणून त्या चुणी न पडता वळल्या.

आता कापण्याबद्दल. काप बरोबर मध्यातून घेतला असता तर आतलं अंबाबाईचं मंदिर चिरलं गेलं असतं. ते मला करायचं नव्हतं. म्हणून काप मंदिराच्या मागून घेतला. मंदिर अख्खं राहिलं आणि रस्ते आठऐवजी नऊ आले. उरलेले सात भिंतीपलीकडे आहेत असंच समजायचं.

‘एन स्केलमध्ये अख्खी बसली असती’ हेही तुम्ही सुचवलंत. एन म्हणजे १:१६०. गोलाई बसेल, पण गाडी हातची जाईल. बार्शी लाइटचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १:१६० ला तो पाच मिलिमीटरहूनही कमी होतो आणि तसे रूळ किंवा इंजिनाची चाकं तयार मिळत नाहीत. १:८७ ला तो पावणेनऊ मिलिमीटर येतो, आणि एनचा नऊ मिलिमीटरचा रूळ तिथे चपखल बसतो. नॅरोगेजचं वेड असलेले जगभर हेच करतात.

राहिली जवळिकीची गोष्ट. एक किलोमीटर म्हणजे १:८७ ला साडेअकरा मीटर. एवढी खोली कुणाकडे आहे? अंतर मला गाळावंच लागलं. पण स्टेशन आणि गोलाई एकाच टेबलावर हवीतच, हा माझा हट्ट आहे. कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही गाडी १८९७ ला कुर्डुवाडीहून बार्शीला सुरू झाली आणि १९११ ला लातूरला पोचली. गोलाईची मुख्य इमारत १९१७ ची. मला यात योगायोग दिसत नाही. रेल्वे आलेल्या गावालाच एवढ्या मोठ्या बाजाराची आखणी सुचते. फैयाजुद्दीन यांनी ती केली तेव्हा लातूर निजामाच्या राज्यात होतं. स्टेशनातून निघालेली पोत्यांची बैलगाडी माझ्या लेआउटवर वळणावर दिसेनाशी होते आणि गोलाईच्या रस्त्यावर दुसरी बैलगाडी दिसते. मध्ये लिंबाची झाडं आणि एक वाडा आहे. बघणारा तेवढं अंतर मनानं भरून काढतो.

आता तुमच्याकडे एक मागणं. लेआउटचा काळ मी १९५४ च्या आसपासचा धरलाय, सरकारनं ही रेल्वे ताब्यात घेतली तेव्हाचा. सराफ, चपलांची दुकानं, मिरची, गूळ यांचे रस्ते मला आजच्या बाजारावरून मांडावे लागले. तुमच्या वडिलांची तिथे आडत होती असं तुम्ही लिहिलंय. गुळाच्या गाड्या तेव्हा कुठल्या रस्त्यानं येत, आणि बैल कुठे सोडत? एवढं कळवाल? नऊ रस्त्यांपैकी तीन मी अजून रिकामे ठेवलेत.