कोड दिसतो, पण परवानगी कुठाय?

पार्ल्यातल्या आमच्या वाचनालयाच्या मीटिंगमध्ये परवा खजिनदार काकांनी विचारलं, "अरे, आपण ते नवीन सॉफ्टवेअर वापरतोय, ते रीतसर आहे ना? कागद कुठाय?" मी म्हटलं, ओपन सोर्स आहे काका, म्हणजे कोड सगळ्यांना वापरायला, बदलायला खुला, काळजी नको. घरी येऊन खात्री करायला बसलो आणि झोप उडाली.

त्या सॉफ्टवेअरच्या वेबपानाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'शंभर टक्के ओपन सोर्स'. लायसन्सची फाइलच नाही. माहितीच्या पानावर तळाला नुसतं 'एमआयटी' (जवळजवळ सगळी मोकळीक देणाऱ्या एका लायसन्सचं नाव) आणि दंड मोजणाऱ्या कोडच्या पहिल्याच ओळीत 'व्यावसायिक वापरास मनाई'. यातलं खरं काय धरायचं? आम्ही वर्गणी घेतो, उशिराचा दंड घेतो. तो व्यावसायिक वापर झाला का? बनवणाऱ्यांना दोनदा मेल केली. उत्तर एकच, "बिनधास्त वापरा." बिनधास्त हा शब्द ऑडिटला दाखवता येत नाही हो!

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. लेखकाने परवानगी दिली नसेल तर हक्क त्याचेच. दुकानात पुस्तक चाळू दिलं म्हणून ते छापायचा हक्क मिळत नाही, तसंच हे. आणि ओपन सोर्स म्हणजे काय, हे काही ज्याने त्याने ठरवायचं नाही. १९९८ साली सुरू झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हची दहा कलमांची व्याख्या आहे. धंद्यासाठी वापरू नका, ही अट तिच्यात बसतच नाही.

मोठेही तेच करतात. फेसबुकवाल्या मेटाने आपलं लामा २ हे एआय मॉडेल ओपन सोर्स म्हणून मिरवलं, पण लायसन्समध्ये सत्तर कोटींहून जास्त मासिक वापरकर्ते असणाऱ्यांनी वेगळी परवानगी घ्यावी अशी अट. ती निदान लिहिलेली तरी आहे.

आमच्या सूचनाफलकावरची अक्षरं 'मुक्ता' फॉन्टमधली असतात. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा हा फॉन्ट. सोबत ओपन फॉन्ट लायसन्स आहे. वापरा, बदला, वाटा, फक्त नुसता फॉन्ट विकू नका, असं स्वच्छ लिहिलेलं. काकांना त्याचा प्रिंट दिला, त्यांनी फाइलला लावला.

तुमचा कोड तुम्हाला खुला ठेवायचा नसेल तर ठेवू नका, कष्ट तुमचे आहेत. पण मग ओपन सोर्स म्हणू नका. त्या एका शब्दावर विसंबून आमच्या ग्रंथपाल ताईंनी चार महिने संध्याकाळी थांबून सहा हजार पुस्तकांच्या नोंदी केल्यात. आता त्या बाहेर काढून 'कोहा' या वाचनालयांसाठीच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये न्यायच्या आहेत. त्याचं जीपीएल लायसन्स मी आधी वाचलं. रविवारी सकाळी दहाला बसतोय, टायपिंग येणारं कुणी मोकळं असेल तर या.