मे महिन्यात फटी भरू नका : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बांबूच्या फरशीवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. ज्या लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे घरातल्या आर्द्रतेचा बाऊ कशाला, हा पहिला. आणि आपल्या दिवाणखान्यात यंदा मे महिन्यात पडलेल्या फटी हा निकृष्ट मालाचाच पुरावा आहे, हा दुसरा.

लाकूड हवेतला ओलावा सतत घेत आणि सोडत असते. खोलीतील आर्द्रता ३० टक्के असेल तर त्यात सुमारे ६ टक्के ओलावा उरतो, ८० टक्के असेल तर सुमारे १६. म्हणून हवा कोरडी आहे की दमट, यापेक्षा ती वर्षभरात किती बदलते हे महत्त्वाचे ठरते. कोकणात दमटपणा जवळजवळ बारमाही असतो. आपल्याकडे मात्र वैशाखातल्या दुपारी आर्द्रता पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत उतरते आणि श्रावणात सकाळी ऐंशीच्या वर जाते. वाड्याचे सागवानी दार श्रावणात फुगून चौकटीत अडकते आणि चैत्रात सहज उघडते, तेव्हा आपण सुताराला दोष देत नाही. सागाच्या ९० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीतला ओलावा ४ टक्क्यांनी घटला, तर ती रुंदीत पाऊण मिलिमीटरपर्यंत आक्रसू शकते, आणि तीन मीटरच्या खोलीत त्याची बेरीज वीस मिलिमीटरच्या वर जाते. लांबीत हा बदल नगण्य असतो. बांबू हे गवत असले तरी त्याचे तंतूही सादळतात. दाबून घट्ट केलेला बांबू ओलावा सावकाश घेतो आणि सावकाशच सोडतो, त्यामुळे एखाद्या पावसाने त्याचे काही बिघडत नाही, अख्खा ऋतू मात्र त्याला जाणवतो.

आपणच लिहिले आहे की त्याच खेपेची फरशी शेजारच्या झोपायच्या खोलीत शाबूत आहे आणि तिथे दिवसभर कूलर चालतो. माल वाईट असता तर दोन्ही खोल्यांत फटी पडल्या असत्या. पाण्याच्या कूलरने खोलीतली आर्द्रता बरीच वाढते, हा मुद्दा माझ्या लेखात यायला हवा होता. तो राहिला, ही माझी चूक मी मान्य करतो.

मिस्त्रींनी तसा सल्ला दिला असला, तरी या फटी आत्ताच लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरून घेऊ नका, ही कळकळीची विनंती. पावसाळ्यात पट्ट्या फुगतील, त्यांची जागा पुट्टीने व्यापलेली असेल आणि मग फरशी मधूनच वर उचलली जाईल. त्याऐवजी स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी) काढून भिंतीलगत दहा-बारा मिलिमीटर मोकळी जागा सोडली आहे का, ते पाहा. भाद्रपदातही फटी तशाच राहिल्या, तर मात्र पट्ट्या पुरेशा न सुकवता बसवल्या गेल्या असाव्यात, आणि तेव्हा आपली तक्रार रास्त ठरेल. फरशी कोणत्या महिन्यात बसवली आणि गठ्ठे उघडून किती दिवस घरात ठेवले होते, एवढे कृपया कळवावे.