'घाबरटांचं काम' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. हृदयाचे ठोके अनेक दिवस नोंदवणाऱ्या यंत्रांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया कालच वाचली होती. लगेच लिहायला बसले असते तर भाषा सांभाळता आली नसती, म्हणून थांबले. इतरांसाठी तुमचं वाक्य इथे देते (होल्टर म्हणजे एक-दोन दिवस अंगावर बाळगायचं, ठोके नोंदवणारं छोटं यंत्र): "चोवीस तासांचा होल्टर नॉर्मल आला की विषय संपला, त्यापुढे महिना महिना छातीला यंत्र लावून फिरणं हे घाबरटांचं काम."

एक गोष्ट मान्य. छातीला चिकटवायच्या, ठोके नोंदवणाऱ्या पॅचखाली खाज सुटते, कातडी लाल होते, याला मी लेखात एकच ओळ दिली. जास्त लिहायला हवं होतं.

पण घाबरट? ज्यांना तुम्ही कधी पाहिलं नाही, त्यांच्या स्वभावावर शेरा मारण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? हा शब्द मला नवीन नाही. तो मी वर्षानुवर्षं ऐकलाय, फक्त गोड आवाजात. "टेन्शन घेऊ नका." "झोप नीट होते ना?" माझी धडधड महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी यायची. एकदम सुरू व्हायची, एकदम थांबायची. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत, इसीजी स्वच्छ. होल्टर लावला त्या दिवशी काहीच झालं नाही, आणि रिपोर्टवर आलं 'नॉर्मल'. त्या चोवीस तासांपुरतं ते खरंच होतं. उरलेल्या दिवसांबद्दल तो कागद काय सांगणार?

शेवटी एका डॉक्टरांनी महिनाभरासाठी लूप रेकॉर्डर दिला, म्हणजे ठोके सतत टिपत राहणारं आणि कळ दाबली की ते जपून ठेवणारं यंत्र. एका संध्याकाळी कपडे वाळत घालताना धडधड सुरू झाली. एका हातात ओला टॉवेल, दुसऱ्या हाताने कमरेचं यंत्र चाचपून कळ दाबली. लूप असल्यामुळे कळ दाबायच्या आधीचे ठोकेही त्यात राहिले होते, त्यामुळे नेमकी सुरुवात कुठे झाली तेही दिसलं. एसव्हीटी निघाला, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून एकदम सुरू होणारे जलद ठोके, मिनिटाला 180 च्या वर. पुढे अ‍ॅब्लेशन झालं, म्हणजे हृदयातला हा त्रास देणारा छोटासा भाग नळीवाटे निकामी केला. आणि समजा त्या वेळी हृदयाचा ताल अगदी सरळ निघाला असता, तरी धडधडीचं कारण दुसरीकडे शोधायचं हे तरी कळलं असतं. यात घाबरटपणा कुठे आला, सांगा.

त्रास रोज होत असेल तर 24 किंवा 48 तासांचा होल्टर पुरतो. आठवड्यातून एखाददा असेल तर 14 दिवसांचा पॅच, महिन्यातून असेल तर 30 दिवसांपर्यंतचा रेकॉर्डर. वर्षातून एखाद्या वेळी कारण न कळता शुद्ध हरपत असेल तर कातडीखाली बसवायचं यंत्र, ते तीन वर्षंही चालतं. त्रास किती दिवसांनी येतो, त्यावर यंत्र ठरतं. हे लेखात होतं.

2021 च्या डॅनिश अभ्यासाचा दाखला तुम्ही दिलात, की यंत्र बसवून पक्षाघात लक्षणीय प्रमाणात कमी झाले नाहीत. बरोबर आहे. पण तो अभ्यास सत्तरीपुढच्या लोकांमधला छुपा एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके, ज्यामुळे पक्षाघात होऊ शकतो) शोधण्याचा होता. धडधडीचं कारण शोधण्याशी त्याचा काय संबंध?

यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांचा धंदा वगैरे तुमच्या मुद्द्यांत आज शिरत नाही. मी डॉक्टर नाही, हे लेखाच्या सुरुवातीलाच लिहिलंय. शुद्ध हरपणाऱ्यांबद्दलचा भाग मात्र शेवटी आहे, आणि तिथवर तुम्ही पोचलेलाच नाही असं दिसतं. पुढच्या वेळी आधी पूर्ण वाचा, मग लिहा. उत्तर देईन.