दगडाला बोलतं करण्याची रीत

प्राचीन कोरियाचा इतिहास लिहायला घेताय? उत्तम. आधी आपला पासपोर्ट कुठल्या देशाचा ते बघून घ्या, म्हणजे निष्कर्ष हाती येतो. पुरावे मग सवडीने गोळा करता येतात.

सुरुवात अस्वलापासून करा. तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ या कोरियन आख्यायिका-इतिहासाच्या ग्रंथात एक अस्वल आणि एक वाघ माणूस व्हायचं म्हणून गुहेत बसतात. खायला लसणाच्या वीस पाकळ्या आणि दवण्याच्या कुळातला कडू पाला, शंभर दिवस उजेड बघायचा नाही. वाघ पळतो (1988च्या सोल ऑलिम्पिकला शुभंकर मात्र तोच झाला). अस्वल टिकतं, एकविसाव्या दिवशी बाई होतं आणि तिच्या पोटी दानगुन हा आद्य राजा जन्मतो. लोक याला गोष्ट म्हणतात तोवर तुम्हाला काही काम नाही. म्हणून त्याच्या राज्यस्थापनेचं इसवी सनपूर्व 2333 हे परंपरेतलं साल घट्ट धरून ठेवा.

उत्तर कोरियाने तर याहून पुढची मजल मारली. 1993 मध्ये त्यांना दानगुनची कबर सापडली, तीही नेमकी प्याँगयांगजवळ. हाडं म्हणे 5011 वर्षांची. हिशेब केलात तर राजा राज्य स्थापण्याच्या सुमारे सातशे वर्षं आधीच वारला असं निघतं. हिशेब करू नका. वर्षभरात तिथे 22 मीटर उंच दगडी पिरॅमिड उभा राहिला, त्याच्याखालून शंका वर येत नाही.

खरं कसब लागतं ते चीनमधल्या जीआनच्या शिलालेखापाशी. कोरियाच्या उत्तर भागात आणि मांचुरियात पसरलेल्या गोगुर्यो या प्राचीन राज्याच्या ग्वांगेतो राजाच्या नावाने 414 साली उभारलेला, सहा मीटरहून उंच, चारही बाजूंनी कोरलेला. त्यात 391 सालाबद्दल एक वाक्य आहे. जुन्या चिनीत विरामचिन्हं नसतात, शिवाय काही अक्षरं झिजलेली. एका जपानी लष्करी अधिकाऱ्याने 1880च्या दशकात त्याचा कागदावर घेतलेला ठसा नेला आणि वाचन निघालं: जपानातले ‘वा’ समुद्र ओलांडून आले, बेक्जे आणि सिल्ला या दक्षिणेकडच्या कोरियन राज्यांना त्यांनी अंकित केलं. 1910 साली कोरिया गिळणाऱ्यांना हे किती सोयीचं! घुसलो कुठे, आम्ही तर जुन्या घरी परतलो. कोरियन अभ्यासकांनी वाक्य दुसरीकडे तोडलं: समुद्र ओलांडला गोगुर्योने, मार खाल्ला वा लोकांनी. आपल्या आनंदीबाईंना ‘ध’चा ‘मा’ करायला निदान शाई तरी लागली. इथे वाचताना श्वास कुठे घ्यायचा तेवढं ठरवलं की सैन्य उलट्या दिशेने चालू लागतं.

तेवढ्याने भागलं नाही तर चुना आहेच. दगडावर चुना लावून जपानी लष्कराने अक्षरं बदलली, असा आरोप 1972 मध्ये जपानात राहणारे कोरियन इतिहासकार ली जिन-हुई यांनी केला. पुढे बऱ्याच अभ्यासकांचं मत पडलं की चुना ठसे विकणाऱ्या गावकऱ्यांनीच थापला होता, अक्षरं ठळक उठावीत आणि माल खपावा म्हणून. म्हणजे चुना लावला हे खरं, पण गिऱ्हाइकांना. हे उत्तर कुणाच्याच राष्ट्राभिमानाच्या उपयोगाचं नाही, म्हणून ते तळटिपेत ढकला.

आता दगड ज्याच्या अंगणात, तो गप्प कसा बसेल? 2002 मध्ये चीनने पाच वर्षांचा प्रकल्प काढला आणि गोगुर्यो ही आपलीच प्रादेशिक सत्ता ठरवली. युनेस्कोने 2004च्या एकाच अधिवेशनात चीनमधल्या गोगुर्यो राजधान्या आणि थडगी यादीत घेतली, उत्तर कोरियातली थडगीही घेतली. एकाच खातेदाराचे दोन सातबारे. 668 साली बुडालेलं राज्य, त्यामुळे खातेदाराची सही मिळणं अवघडच.

आणि आपण भारतीय, म्हणून रिकाम्या हाताने परत फिरायचं कारण नाही. त्याच ‘सामगुक युसा’त ‘आयुता’ देशाची राजकन्या हॉ ह्वांग-ओक इसवी सन 48 मध्ये जहाजाने येते आणि गाया राज्याच्या सुरो राजाशी लग्न करते. लिहिलंय ते बाराशे वर्षांनी, पण नाव अयोध्येसारखं ऐकू येतं ना? बस्स. 2001 मध्ये शरयूकाठी तिचं स्मारकही झालं. गिमहे घराण्याचे लाखो किम आडनावाचे कोरियन स्वतःला तिचे वंशज मानतात, म्हणजे आपण माहेरची माणसं. तेव्हा लग्नाचा पुरावा मागत बसू नका, मुलीकडच्यांना ते शोभत नाही. आहेराचं काय ते बघा.